समोरचं इंजिन टायमावर हरलं तर तो गुण आपला का?

मंद_घोडा
मंडळी, इथे बुद्धिबळाची इंजिनं (बुद्धिबळ खेळणारे प्रोग्राम) लिहिणारे आणि नुसतीच झुंजवणारे असे दोन्ही प्रकारचे लोक आहेत म्हणून विचारतोय. माझं एक हौशी इंजिन आहे, रेटिंग विचारू नका. त्याच्या नव्या आवृत्तीची मॅच एका ओपन सोर्स इंजिनाशी लावली. लिनक्स, मॅच चालवायला क्यूटचेस-सीएलआय, डावाला १० सेकंद अधिक चालीमागे ०.१ सेकंद, पाँडर (समोरच्याच्या पाळीत विचार करणं) बंद, एका वेळी आठ डाव. जुनी आवृत्ती या इंजिनासमोर जेमतेम बरोबरीत असायची, नवी एकदम चांगलीच पुढे गेली. खूश होऊन पीजीएन (डावांच्या नोंदीची फाइल) चाळायला बसलो तर जिंकलेल्या डावांत जागोजागी 'टाइम फॉरफिट' लिहिलेलं. म्हणजे पटावर काही झालंच नाही, समोरच्याची वेळ संपली. एका डावात तर गडी अख्ख्या हत्तीने वर, माझा राजा उघडा पडलेला, आणि तिथे त्याचा फ्लॅग पडला, म्हणजे वेळ संपली.

आता हे गुण माझे धरायचे का? माझं मत सांगून टाकतो, धरू नयेत. मला माझ्या इंजिनाची ताकद मोजायचीय, समोरच्याच्या घड्याळाची भानगड नाही. पण एक मित्र म्हणतो माणसं टायमावर हरली की आपण काय डाव पुन्हा खेळवतो का. आणि दुसरं म्हणजे दर चालीला ०.१ सेकंद मिळत असताना मशीनची वेळ संपतेच कशी? मशीनला घड्याळ बघता येत नाही म्हणजे काय!

आडवा_हत्ती
धरायचे. वेळ सांभाळणं हा खेळाचाच भाग. विषय संपला.

तिरका_उंट
पहिल्याच प्रतिसादात विषय संपवू नका हो, आम्ही आत्ता कुठे येऊन टेकलोय.

खटपट्या
दुसरा प्रश्न आधी घेतो कारण तो सोपा आहे. मशीनला घड्याळ खरंच दिसत नाही. यूसीआय या इंजिनाशी बोलायच्या प्रोटोकॉलमध्ये मॅच चालवणारा प्रोग्राम प्रत्येक चालीआधी इंजिनाला कळवतो की पांढऱ्याकडे इतके मिलिसेकंद उरलेत, काळ्याकडे इतके, इन्क्रिमेंट (चालीमागे मिळणारी जादा वेळ) इतकं. तिथून पुढे इंजिन आपल्या आपण वेळ मोजतं आणि ठरवेल तेव्हा 'बेस्टमूव्ह' छापतं. निकाल लावणारं घड्याळ मात्र मॅच चालवणाऱ्याकडे. इंजिनाने छापलेली ओळ पाइपातून पलीकडे जाऊन वाचली जाईपर्यंतचा सगळा वेळ इंजिनाच्या खात्यात पडतो. एरवी तो नगण्य असतो, पण मशीनवर गर्दी असेल तर वीस-तीस मिलिसेकंदही जातात. म्हणून तर स्टॉकफिश या नामांकित इंजिनाला 'मूव्ह ओव्हरहेड' नावाचं सेटिंग आहे, न बदलता १० मिलिसेकंद असतं, तेवढे प्रत्येक चालीला वाटेत जाणार असं धरून ते हिशेब करतं.

त्यात बरीचशी इंजिनं प्रत्येक नोडला (तपासलेल्या पोझिशनला) घड्याळ बघत नाहीत, ते महाग पडतं, हजार-दोन हजार नोड झाले की एकदा बघतात. त्यामुळे थांबायचं ठरलेलं असतं त्याच्या किंचित नंतर थांबतात. १०+०.१ मध्ये लांबलेल्या डावात मूळचे १० सेकंद केव्हाच संपलेले असतात, मग नुसत्या इन्क्रिमेंटवर दिवस काढायचे. तिथे वीस मिलिसेकंद म्हणजे मिळकतीचा पाचवा हिस्सा.

आडवा_हत्ती
म्हणजे त्या लेखकाने राखीव वेळ ठेवली नाही. चूक त्याची, गुण याचा. माझं मत कायम.

वजीरबाई
हत्तीदादा, स्पर्धा आणि चाचणी यात फरक करा की. स्पर्धेत फ्लॅग पडला की हरला, वाद नाही, नियम सगळ्यांना सारखे. पण घोडेरावांना बघायचंय की कोडमध्ये केलेला बदल चांगला आहे का. तिथे हा फुकटचा गुण नुसता कचरा नाही, तो एका बाजूला झुकलेला कचरा आहे. समजा नवी आवृत्ती बचाव जरा बरा करते. म्हणजे हरायचे ते डाव लांबतात. डाव लांबला की समोरचं इंजिन वेळेच्या काठावर जास्त वेळ उभं राहतं आणि जास्त वेळा पडतं. म्हणजे थोड्याशा सुधारणेला भलामोठा बोनस लागला. जुन्या आवृत्तीशी तुलना करतानाही हे कटत नाही, कारण जुनीचे डाव लवकर आटपायचे.

घोडेराव, एक करा. पीजीएनमध्ये चालीपुढे कंसात मूल्यमापन, खोली आणि लागलेला वेळ असतो ना, त्यावरून टायमावर संपलेले डाव कितव्या चालीला संपले ते बघा आणि तेव्हा इव्हॅल (तेच मूल्यमापन) काय होतं ते बघा. सगळे साठ-सत्तरच्या पुढचे असतील तर माझं म्हणणं बरोबर. विसाव्या चालीलाच पडत असेल तर रोग वेगळा.

प्यादेमात
माझं इंजिन टायमावर कधीच हरत नाही. त्याच्या बरंच आधी मात होते.

सेमीकोलन
एका वेळी आठ डाव म्हणता, मशीनला खरे कोर किती?

मंद_घोडा
@सेमीकोलन: चार कोर, आठ थ्रेड. आधीच्या मॅचेस तीन-तीन डावांनी लावायचो, यावेळी निकाल लवकर हवा होता म्हणून आठ केले.
@वजीरबाई: बघितलं. बहुतेक सत्तरच्या पुढचे आहेत, पण काही थेट तिशीतलेही आहेत, तेव्हा घड्याळात दोनेक सेकंद असायला हवे होते.

सेमीकोलन
मग अर्धा जबाब इथेच मिळाला. हायपरथ्रेडिंगमधले आठ म्हणजे चार कोरांनी दोन-दोन जणांना वाटून दिलेली जागा. पाँडर बंद असल्यामुळे प्रत्येक डावात एका वेळी एकच इंजिन विचार करतं, म्हणजे आठ डावांना आठ प्रोसेस, कागदावर बरोबर बसतं. पण क्यूटचेस स्वतः कुठे पळणार? तुमचा ब्राउझर? ऑपरेटिंग सिस्टिमची स्वतःची कामं? कुणाला तरी रांगेत थांबावं लागतं आणि ज्या इंजिनाला थांबवलं त्याच्या घड्याळाचे मिलिसेकंद तेवढ्यात जातात. खरे कोर जितके त्यातला एक मोकळा सोडून बाकीच्यांवर डाव लावायचे, हा माझा नियम.

आणि हे नुसत्या फ्लॅगपुरतं नाही. ज्याला अर्धा कोर मिळाला त्याने त्याच वेळात कमी नोड बघितले, तो वाईट खेळला, हे पीजीएनमध्ये कुठेही लिहून येत नाही. फ्लॅग निदान दिसतो तरी. आता तर नव्या इंटेल मशीनमध्ये मोठे कोर आणि छोटे कोर असे दोन प्रकार आलेत. एक इंजिन मोठ्या कोरवर बसलं आणि दुसऱ्याच्या वाट्याला छोटा कोर आला की दहा सेकंदांचे दहा सेकंद दोघांना सारखे राहतच नाहीत. फास्टचेस या मॅच चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये प्रोसेसला कोर बांधून द्यायचा पर्याय आहे, यूज-अफिनिटी. लॅपटॉप असेल तर आणखी गंमत, मॅच सुरू होताना थंड असतो, मग तापतो आणि मंदावतो.

शंभर_नंबरी_शंका
मग सरळ वेळच काढून टाका ना? 'गो नोड्स' ही कमांड देऊन प्रत्येक चालीला ठराविक नोड द्या. ना घड्याळ, ना फ्लॅग, ना तुमची ती रांग.

खटपट्या
@शंका: करतात लोक, इव्हॅलमधले छोटे बदल तपासायला छानच आहे, आणि त्याच मशीनवर पुन्हा लावलं तर तोच निकाल येतो हे डिबगिंगला सोन्यासारखं. पण मी इव्हॅलमध्ये एखादी जड गोष्ट घातली आणि इंजिन तीस टक्के मंद झालं तर ठराविक नोडांच्या मॅचमध्ये ते कळणारच नाही. निकाल येईल की वा काय सुधारणा! खऱ्या घड्याळावर लावली की आपटणार. शिवाय सगळ्या चालींना सारखेच नोड म्हणजे वेळेचं नियोजन नावाचा अख्खा भागच गायब. चांगलं इंजिन मुळावर (पटावरच्या सध्याच्या पोझिशनवर) स्कोअर घसरला की थांबून जास्त वेळ घेतं, एकच चाल बराच वेळ पहिल्या नंबरावर टिकली की पटकन खेळून मोकळं होतं. ते शहाणपण मोजायचं कधी?

फक्त_वाचक
यावरून अल्फाझीरो हे इंजिन आठवलं. डिसेंबर २०१७ मध्ये पहिला पेपर आला तेव्हा स्टॉकफिश ८ विरुद्ध १०० डावांत २८ जिंकले, ७२ बरोबरीत, एकही हरला नाही म्हणून केवढा गाजावाजा झाला होता. त्यात दोघांना चालीमागे सपाट एक मिनिट होतं. स्टॉकफिशवाल्यांचा मुख्य आक्षेप हाच की ज्या इंजिनाने वेळ कुठे खर्चायची यावर वर्षानुवर्षं मेहनत घेतली त्याच्याकडून तीच गोष्ट काढून घेतली. उघडउघड एकच चाल असली तरी मिनिटभर बसा आणि डाव बुडत असला तरी मिनिटातच उठा.

आडवा_हत्ती
@फक्त_वाचक: बघा, हे माझ्याच बाजूचं उदाहरण आहे. वेळेचं नियोजन म्हणजे ताकद. मग ते नियोजन फसलं तर शिक्षाही व्हायलाच हवी. चांगलं झालं तर ताकद आणि फसलं तर कचरा, असं कसं?

वजीरबाई
@हत्तीदादा: हा मुद्दा मानला. पण नियोजन फसणं आणि ऑपरेटिंग सिस्टिमने रांगेत उभं करणं या वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली इंजिनाची, दुसरी घोडेरावांच्या मशीनची.

फक्त_वाचक
पुढे २०१८ च्या डिसेंबरात सायन्स या नियतकालिकात सविस्तर पेपर आला तेव्हा त्यांनी डावाला ३ तास अधिक चालीमागे १५ सेकंद ठेवले. १००० डाव, अल्फाझीरोने १५५ जिंकले, ६ हरले, बाकी बरोबरी. जिंकला तो तरीही अल्फाझीरोच, पण पहिल्या वेळेसारखं बोट ठेवायला जागा राहिली नाही. हरणाऱ्या बाजूलासुद्धा पटेल अशी वेळ ठेवली की निकालाला वजन येतं, एवढंच मला म्हणायचंय.

जुनंखोड
तुम्ही मिलिसेकंदांवर भांडताय ते बघून मजा वाटतेय. १९७४ साली स्टॉकहोमला संगणकांची पहिली जागतिक बुद्धिबळ स्पर्धा झाली, ती सोव्हिएत 'कैसा'ने जिंकली. कैसा चालत होती मॉस्कोतल्या मशीनवर आणि चाली यायच्या फोनवरून! माणसाने ऐकायची, पटावर करायची, घड्याळ दाबायचं. त्या हिशेबाने तुमचं ओव्हरहेड काढा बघू.

नंतर विनबोर्डचा जमाना आला, त्यात वेगळ्या गमती. त्या प्रोटोकॉलमध्ये उरलेली वेळ सेंटिसेकंदात येते, म्हणजे सेकंदाचा शंभरावा भाग. २००० साली यूसीआय आलं, त्यात मिलिसेकंद. दोन्ही प्रोटोकॉल चालवणाऱ्या इंजिनात कुठे दहाने गुणायचं राहिलं की इंजिनाला वाटतं आपल्याकडे दहावा हिस्साच वेळ आहे, ते सुसाट खेळतं आणि लोक म्हणतात केवढं फास्ट इंजिन, फक्त जरा कच्चं आहे. उलट बाजूने चुकलं तर पहिल्या काही चालींतच खेळ खलास. आणखी एक म्हणजे विनबोर्डची लेव्हल कमांड. त्यात मूळ वेळ मिनिटांत असते, 'लेव्हल ४० ५ ०' म्हणजे ४० चाली ५ मिनिटांत. पण पूर्ण मिनिटं नसली तर ती ०:३० अशी येते. ज्याने आळस करून नुसता आकडा वाचायचं फंक्शन लावलं त्याने कोलनपर्यंत वाचलं, शून्य मिळालं, आणि इंजिन बसलं शून्य मिनिटांत ४० चाली खेळायला.

शंभर_नंबरी_शंका
@जुनंखोड: ४० चालींचा विषय निघालाच आहे तर, माझ्याकडे एक इंजिन बरोबर चाळिसाव्या चालीलाच मरतं. आधी नाही, नंतर नाही. हे काय गौडबंगाल?

जुनंखोड
@शंका: जुना आणि प्रसिद्ध रोग. ४० चालींचा टप्पा असला की यूसीआय सांगतं की पुढच्या टप्प्याला किती चाली उरल्या, मूव्हज-टू-गो. चाळिसाव्या चालीला तो आकडा असतो १. इंजिन उरलेल्या वेळेला उरलेल्या चालींनी भागतं, एकाने भागलं की उत्तर सगळीच्या सगळी वेळ. ते प्रामाणिकपणे सगळी वापरतं आणि वाटेतल्या दोन मिलिसेकंदांत मरतं. लेखकाने घरी फक्त इन्क्रिमेंटवर चाचणी केलेली असते, त्याला हे कधी दिसतच नाही. सीसीआरएल या इंजिनांना रेटिंग देणाऱ्या गटाची मोठी यादी अजून ४० चाली १५ मिनिटांत अशी टप्प्याटप्प्याने खेळवतात, तिथे इंजिन दिलं की सापडतं.

तिरका_उंट
प्रामाणिकपणे सगळी वापरतं आणि मरतं, हे आवडलं :-D

सेमीकोलन
त्याहून भारी ऐका. क्यूटचेसमध्ये टाइममार्जिन म्हणून सेटिंग आहे, म्हणजे इतके मिलिसेकंद उशीर झाला तरी माफ. दिलं की फ्लॅग कमी होतात, छान. पण माफी मिळालेल्या इंजिनाची वेळ शून्याखाली गेलेली असू शकते आणि मग त्याला पुढच्या चालीला उणे वेळ कळवली जाऊ शकते. आता ज्याने वेळ अनसाइन्ड, म्हणजे उणे आकडा नसलेल्या, बत्तीस बिटांत ठेवलीय त्याच्याकडे उणे पाच मिलिसेकंद म्हणजे ४२९ कोटी मिलिसेकंद, साधारण पन्नास दिवस. इंजिन निवांत. आता कशाला घाई.

प्यादेमात
पन्नास दिवस दिले तर माझंही इंजिन बरोबरी करेल कदाचित.

तिरका_उंट
थोडं अवांतर: ग्रँडमास्टर नाकामुराने २००८ साली रिब्का या इंजिनाला तीन मिनिटांच्या डावात हरवलं होतं तो डाव बघितलाय का कोणी? इन्क्रिमेंट नाही, डाव २७१ चालींचा! सगळा पट प्याद्यांनी कुलूपबंद करून ठेवला आणि नुसता इकडून तिकडे फिरत बसला. रिब्काला वाटत होतं आपण वर आहोत, मग पन्नास चालींच्या नियमाने बरोबरी होऊ नये म्हणून तिने स्वतःच प्यादं ढकलून कुलूप फोडलं आणि फसली. शेवटी याने प्याद्यांचे वजीर न करता ढीगभर उंट केले. माझ्या हँडलचं प्रेरणास्थान समजा.

फक्त_वाचक
@उंट: त्या डावात माणूस मशीनला टायमावरही पुरून उरला हे जास्त रोचक आहे. माजी विश्वविजेत्या फिशरने इन्क्रिमेंटच्या घड्याळाचं पेटंट १९८८ मध्ये मागितलं, ८९ मध्ये मिळालं, आणि १९९२ मध्ये स्पास्कीशी खेळताना वापरलं, ते माणसाला शेवटी निव्वळ हात चालवायची शर्यत करावी लागू नये म्हणून. आज इंजिनांच्या मॅचेस जवळजवळ सगळीकडे इन्क्रिमेंटवरच चालतात, आणि कारण तेच, बरोबरीची पोझिशन शंभर चाली खेळून कुणी एकाने पडू नये. मशीनलाही हात चालवायला लागतातच, पाइपातून.

खटपट्या
मूळ विषयाकडे. घोडेराव, तिशीतल्या चालींना दोन सेकंद शिल्लक असताना फ्लॅग पडतो हे मला रांगेत थांबण्याने पटत नाही. दोन सेकंद रांग नसते. त्या इंजिनाचा सोर्स आहे ना तुमच्याकडे? वेळ कशाने मोजतंय बघा. 'क्लॉक' नावाचं सी मधलं जुनं फंक्शन वापरलं असेल तर सांगा.

विचारतोय कारण विंडोजवर हे फंक्शन भिंतीवरच्या घड्याळाची वेळ देतं, म्हणजे प्रोग्राम सुरू झाल्यापासून प्रत्यक्षात किती वेळ गेला ते. लिनक्सवर तेच फंक्शन प्रोसेसने प्रोसेसर किती वेळ वापरला ते देतं. रांगेत उभं राहिलेला वेळ त्यात धरतच नाही, डिस्कची वाट बघण्यात गेलेला वेळही नाही. इंजिन विंडोजवर लिहिलं, तिथे वर्षानुवर्षं बिनघोर चाललं, कुणीतरी लिनक्सवर कंपाइल केलं, आणि त्याचं घड्याळ मागे पडायला लागलं. आणखी एक, तिशीतले जे डाव आहेत त्यात पटावर मोहरी किती होती? एंडगेम टेबलबेस (थोड्या मोहऱ्यांच्या पोझिशनची आधीच काढून ठेवलेली उत्तरं) हार्ड डिस्कवर असतील तर तोही प्रकार बघायला हवा.

वजीरबाई
याचीच उलटी बाजूही असते. एकाहून जास्त थ्रेडवर इंजिन चालवलं तर तेच फंक्शन सगळ्या थ्रेडचा वापर एकत्र मोजतं. चार थ्रेड दिले की घड्याळ चौपट पळतं, इंजिन चतकोर वेळात खेळून मोकळं. कुणी फ्लॅग होत नाही, कुणाला काही कळत नाही, फक्त 'चार थ्रेड देऊनही ताकद का वाढली नाही' असे प्रश्न येत राहतात.

मंद_घोडा
खटपट्या, पाय कुठे आहेत तुमचे! दोन्ही निघालं. वेळ 'क्लॉक'नेच मोजतंय, आणि तिशीतले जे डाव आहेत त्यात अदलाबदल होऊन पट जवळजवळ रिकामा झालेला, टेबलबेस जुन्या फिरत्या डिस्कवर. म्हणजे आठही डाव एकदम डिस्कला भिडले की हा बसला वाट बघत, आणि वाट बघितलेला वेळ त्याच्या हिशेबात शून्य.

मग काल रात्री त्या इंजिनात फक्त वेळ मोजायचं फंक्शन बदललं, एकसारखं पुढेच जाणारं स्टेडी क्लॉक लावलं, टेबलबेस बंद केले, तीनच डाव एका वेळी, आणि ओपनिंग त्याच ठेवून रंग उलटून जोड्या खेळवल्या. टाइम फॉरफिट एकही नाही. नवी आवृत्ती अजूनही पुढे आहे, पण ती आघाडी आता एरर बारच्या (आकडेवारीतल्या अनिश्चिततेच्या) आतबाहेर करतेय. आधीचं यश बरंचसं हवेतलं होतं.

वजीरबाई
छान झालं. स्टॉकफिशच्या चाचण्या चालतात त्या फिशटेस्टवर सुद्धा लोकांच्या मशीनचा वेग आधी मोजून १०+०.१ ची वेळ त्याप्रमाणे कमी-जास्त करतात, आणि एखाद्या मशीनवर टाइम लॉस जास्त दिसले तर ते लगेच डोळ्यात येतं. एरर बार लहान व्हायला आणखी डाव लागतील, घाई करू नका.

आडवा_हत्ती
थांबा थांबा. तुम्ही समोरच्या इंजिनाचा कोड बदललात. म्हणजे ही मॅच आता कुणाशी झाली? त्या लेखकाने जे इंजिन प्रसिद्ध केलंय ते लिनक्सवर टायमावर मरतं, हा त्या इंजिनाचा गुणधर्म आहे. ते दुरुस्त करून त्याच्याशी खेळलात तर 'मी अमुक इंजिनाशी खेळलो' असं म्हणता येणार नाही. मुष्टियोद्ध्याचा हात बरा करून मग त्याच्याशी लढल्यासारखं आहे.

तिरका_उंट
मुष्टियोद्ध्याचा हात बरा करून मग लढणाऱ्याला आम्ही सज्जन म्हणतो हो.

खटपट्या
हत्तीसाहेबांच्या बोलण्यात तथ्य आहे हे कबूल करायला जीवावर येतंय पण आहे. रेटिंगच्या यादीत टाकायचा निकाल असेल तर प्रसिद्ध झालेलं इंजिन जसंच्या तसं खेळवायला हवं आणि फ्लॅग पडला तर हार धरायला हवी. यादी वाचणारा उद्या तेच इंजिन उतरवून घेणार, त्याला तेच मिळणार. फक्त मशीनवर गर्दी नसावी, म्हणजे जी हार होईल ती त्या इंजिनाच्या कोडमुळे होईल, तुमच्या मांडणीमुळे नाही. आणि स्वतःची आवृत्ती तपासायची असेल तर दुरुस्त केलेला गडी चालेल, किंबहुना तोच बरा, कारण तिथे तो गडी फक्त मोजपट्टी आहे.

जुनंखोड
मी जरा वेगळं म्हणतो. टाइम लॉस धरा किंवा वगळा, पण निकालासोबत आकडा लिहा. 'इतके डाव, त्यात इतके टायमावर.' वाचणारा ठरवेल. वगळण्यातही गोची आहे. जोडीतला एक डाव टायमावर संपला म्हणून तो काढला तर दुसऱ्या रंगाचा डाव एकटा उरतो, मग त्या ओपनिंगचा फायदा कुणाला तरी फुकट गेला. काढायचीच असेल तर अख्खी जोडी काढावी लागेल. आणि टायमावर संपलेले डाव बहुतेक लांब डाव असतात, म्हणजे तुम्ही निवडून निवडून लांब डाव काढताय. एंडगेममध्ये मजबूत असलेल्या इंजिनावर हा अन्याय.

मंद_घोडा
@जुनंखोड: हे डोक्यातच आलं नव्हतं. मी सरसकट वगळा म्हणत होतो, ते मागे घेत नाही पण त्याला मुरड घालतो. दोन मॅचेस वेगळ्या ठेवतो. एक मूळ इंजिनाशी, मशीन मोकळं ठेवून, सगळं धरून, टाइम लॉसचा आकडा बाजूला लिहून. दुसरी दुरुस्त गड्याशी, ती फक्त माझ्यासाठी. आणि दुरुस्तीचा पॅच त्या लेखकाला पाठवतो, चार ओळींचा आहे. विंडोजवर काही बिघडणार नाही ना त्याने?

सेमीकोलन
स्टेडी क्लॉक दोन्हीकडे सारखंच वागतं, बिनधास्त पाठवा. फक्त नॉर्मल सिस्टिम क्लॉक लावू नका. ते इंटरनेटवरून वेळ जुळवताना मधेच पुढे-मागे उडी मारू शकतं. आणि विंडोजवरचं जुनं टिककाउंट तर अजिबात नको, ते साधारण १५.६ मिलिसेकंदांच्या ढांगा टाकतं, एवढ्या छोट्या टाइम कंट्रोलला ते निरुपयोगी. पॅच देताना ओव्हरहेडचं सेटिंगही घालून द्या, उद्या कुणी त्याला ऑनलाइन बॉट म्हणून लावलं तर नेटच्या लॅगला दहा मिलिसेकंद कुठे पुरतात, तिथे शेकड्यांत ठेवावं लागतं.

आडवा_हत्ती
चला, आकडा लिहून सगळं धरणार म्हणजे माझंच ऐकलंत. आता एक मॅच माझ्या इंजिनाशी लावा. मूळ कोड, दुरुस्ती नको.

मंद_घोडा
लावतो की. ओव्हरहेड किती ठेवलाय?

आडवा_हत्ती
शून्य. आम्ही काठावरच खेळतो.